कर्बाम्ल वायूची साठवण : जागेची निवड आणि निवडणारांची पारख

रत्नागिरी जिल्ह्यांत नवी विहीर खणावयाची ठरली, म्हणजे घरचा यजमान पुष्कळदां प्रथम पाणाड्यास बोलावतो. पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतांतून फिरतो, झाडांच्या जाती आणि वारुळें पाहतो, आणि एका जागेवर थांबतो. भूजलतज्ज्ञ यंत्र लावून जमिनीचा विद्युत्-विरोध मोजतो आणि दुसरीच जागा दाखवितो. अशा वेळीं जागेचा निर्णय करण्याआधीं यजमानास पद्धतीचा निर्णय करावा लागतो. कोणाच्या पद्धतीवर विसंबावें, आणि ती पद्धति पारखावी तरी कशी? विहीर कोरडी निघाली तर एका कुटुंबाचे पैसे बुडतात. आज जगांतील भूशास्त्रज्ञांपुढें याच जातीचा एक प्रश्न उभा आहे. मात्र तेथें चूक झाली तर तिची झळ एका कुटुंबापुरती राहणार नाहीं. जमिनीच्या पोटांत कर्बाम्ल वायु कायमचा कोंडून ठेवण्यास योग्य जागा कोणती, हा तो प्रश्न होय.

कोळसा जाळला म्हणजे जो वायु निघतो, ज्यास व्यवहारांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तोच हा कर्बाम्ल वायु. वातावरणांत त्याचें प्रमाण वाढत गेल्यामुळें पृथ्वीचें उष्णतामान चढत आहे, ही गोष्ट आतां शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. कोळशापासून एक युनिट वीज काढतांना साधारणपणें एक किलोग्रॅमच्या आसपास हा वायु बाहेर पडतो. रत्नागिरी जिल्ह्यांत जयगड येथें १२०० मेगॅवॅटचें कोळशावरील वीज-केंद्र आहे. तें पूर्ण शक्तीनें चाललें तर या हिशेबानें तासाला हजार टनांहून अधिक वायु हवेंत जाईल. असा वायु धुरांड्यांतच अडवावा, दाबून दाट करावा आणि भूगर्भांत खोल नेऊन सोडावा, अशी ही कल्पना आहे.

या कामाची जुनी रीत वाळूच्या दगडांत साठवण करण्याची. नॉर्वेजवळ उत्तर समुद्रांतील स्लाइप्नर या वायुक्षेत्रांत १९९६ पासून असा वायु समुद्रतळाखालच्या सच्छिद्र थरांत सोडण्यास आरंभ झाला. पहिल्या काळांत त्याचें प्रमाण वर्षाला सुमारे दहा लाख टन होतें. सुमारे ८०० मीटरांच्या खालीं दाब आणि उष्णता इतकी असते कीं, हा वायु द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेंत पुष्कळ मावतो. त्याच्यावर घट्ट खडकाचें झांकण मात्र पाहिजे. तें तडकलेलें असेल तर वायु फटींतून वर चढूं लागतो. हा वायु हवेहून जड आहे. सखल जागीं तो दाट साचला तर माणूस गुदमरतो. आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत न्योस नांवाच्या तळ्यांतून २१ ऑगस्ट १९८६ रोजीं हाच वायु निसर्गतः एकाएकीं उसळला आणि सुमारे १७०० माणसें प्राणांस मुकलीं. तळ्याच्या पाण्यांत मुरलेला वायु आणि खोल खडकांत कोंडलेला वायु यांत पुष्कळ अंतर आहे, आणि खडकांतून इतका मोठा लोट एकदम बाहेर येण्याचा संभव फार थोडा. तरीहि जागेची निवड कां जपून करावी लागते, हें या एका उदाहरणावरून ध्यानांत येईल.

महाराष्ट्राची भूमि उत्तर समुद्राच्या तळाहून निराळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरून जो काळा कातळ बनला, त्यानें आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांचा प्रदेश व्यापला आहे. भूशास्त्रांत या कातळास बेसाल्ट म्हणतात. काळवत्री दगड या नांवानें घराच्या जोत्यापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत तो कोंकणांत सर्वांच्या ओळखीचा आहे. या खडकांत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांचा अंश पुष्कळ असतो. वायु पाण्यांत विरघळून खडकांत शिरला, म्हणजे सोडावॉटरसारखें तें आंबट पाणी हे अंश खडकांतून सोडवून घेतें, आणि कालांतरानें वायूचाच दगड होऊन बसतो. आइसलंडमध्यें कार्बफिक्स नांवाच्या प्रयोगांत २०१२ सालीं असें वायुयुक्त पाणी बेसाल्टांत सोडण्यांत आलें. त्यांतील शंभरापैकीं ९५ हून अधिक भाग वायु दोन वर्षांच्या आंत दगड झाल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील वालुला येथें २०१३ सालीं सुमारे १००० टन वायु, पाण्यांत न विरघळवतां, दाट करून बेसाल्टांत सोडला. दोन वर्षांनीं काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत नव्या कार्बोनेट खनिजाच्या गांठी आढळल्या.

या प्रयोगांमुळें दख्खनच्या कातळाकडे तज्ज्ञांचें लक्ष अधिक वेधलें. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें भारतांतील बेसाल्टांत ९७ ते ३१६ अब्ज टन वायु मावूं शकेल. पुढील वर्षीं केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्यानें याच संस्थेंत या विषयाचें एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. वरील अंदाजांतील खालचा आणि वरचा आकडा यांत तिपटीहून अधिक अंतर आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कातळाच्या किती भागांत वायु शिरेल, त्यांतील किती भागाचा दगड होईल, याविषयींचीं गृहीतें बदललीं कीं, एकाच प्रदेशाचें उत्तर इतकें बदलतें. संपूर्ण देशाच्या अंदाजाची ही स्थिति, तर एखाद्या तालुक्यांतील जागेविषयीं किती जपून बोललें पाहिजे, हें सांगावयास नको.

आतां रत्नागिरीकडे वळावें. हें उदाहरण पद्धति समजावी एवढ्यासाठींच येथें घेतलें आहे. तज्ज्ञ जे निकष लावतात, त्यांतील पहिला खोलीचा. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठीं घेतलेल्या १५२२ मीटर खोल विंधांत बेसाल्टची जाडी सुमारे ९३३ मीटर भरली, आणि त्याखालीं थेट ग्रॅनाइट जातीचा फार जुना खडक लागला. ही जागा सह्याद्रीच्या माथ्याकडील. कोंकणपट्टी तिच्याहून शेंकडों मीटर खालीं आहे, आणि दक्षिणेकडे जावें तसतसा हा कातळ पातळ होत जातो. घांटावरचा आकडा म्हणूनच रत्नागिरीस जसाच्या तसा लावतां येत नाहीं. वायु दाट करून सोडावयाचा असेल, तर ८०० मीटरांची अट येथें पुरी होणें अवघड दिसतें. आइसलंडच्या रीतीनें तो पाण्यांत विरघळवून सोडला तर ४०० ते ८०० मीटरांवरहि काम भागतें. परंतु त्या रीतीनें एका टन वायूस सुमारे २५ टन पाणी लागतें. कोंकणांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीहि मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. समुद्राचें पाणी वापरून हें काम होऊं शकेल असें प्रयोगशाळेंतील प्रयोगांनीं दाखविलें आहे, आणि समुद्र तर रत्नागिरीच्या दाराशींच आहे. म्हणजे जागा एकच. पण रीत बदलली कीं खोलीच्या निकषांत नापास झालेली जागा उत्तीर्ण होते आणि पाण्याच्या निकषांत नवी अडचण उभी राहते.

दुसरा निकष फटींचा. संगमेश्वर तालुक्यांतील तुरळ, राजवाडी, आरवली आणि राजापुराजवळील उन्हाळें येथील ऊन पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. पावसाचें पाणी भेगांतून खोल जातें, तापतें आणि दुसऱ्या भेगांतून वर येतें, तेव्हां असे झरे वाहतात. स्नानास येणाऱ्या यात्रेकरूस जें पुण्य वाटतें, तेंच वायु कोंडूं पाहणाऱ्या तज्ज्ञास इशाऱ्याचें चिन्ह वाटतें. कारण पाण्यास वर येण्याची वाट असेल तर ती वायूसहि सांपडूं शकेल.

तिसरा निकष भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरांत ६.३ प्रतीचा जो भूकंप झाला, त्यांत सुमारे पावणेदोनशें माणसें दगावलीं. जलाशयांतील पाण्याचा भार आणि फटींतून खोलवर पोंचलेला दाब यांमुळें तेथील भूकंपांना चालना मिळते, असें मत भूशास्त्रज्ञांत रूढ झालें आहे. जमिनींत पाणी वा वायु दाबून सोडणें हीहि खडकांतील दाब वाढविण्याचीच क्रिया होय. अमेरिकेंत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका ३६७१ मीटर खोल विंधांत दूषित पाणी सोडूं लागले, आणि थोड्याच दिवसांत तेथें भूकंपांची मालिका सुरू झाली. १९६६ सालीं तें काम थांबवावें लागलें. कोयनेचें पाणी ज्या पोफळीच्या वीजगृहांतून उतरून वाशिष्ठीस मिळतें, तें पोफळी गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण तालुक्यांतलें आहे. चिपळूणच्या एखाद्या घरांत हा निकष कोणी क्षुल्लक मानील, हें संभवत नाहीं.

इतके निकष हातीं आल्यावर निर्णय कसा करावा? सर्वांत सोपी पद्धति गुणांची. कॅनडांतील भूशास्त्रज्ञ स्टीफन बाचू यांनीं २००३ सालीं पंधरा निकषांची एक यादी मांडली. प्रत्येक निकषाचे वर्ग पाडावे, वर्गाप्रमाणें गुण द्यावे, निकषाच्या महत्त्वाप्रमाणें त्या गुणांना भार द्यावा आणि सर्वांची बेरीज करून भूप्रदेशांचा क्रम लावावा, असें तिचें स्वरूप होतें. मोठमोठ्या प्रदेशांची पहिली चाळणी करण्यास ही पद्धति फार उपयोगी पडली. परंतु एकेका जागेचा अंतिम निर्णय केवळ बेरजेवर सोंपविला तर काय होतें, तें एका लहानशा हिशेबानें पाहतां येईल.

समजा, पांच निकष आहेत आणि प्रत्येकास १० पैकीं गुण द्यावयाचे आहेत. पहिल्या जागेस चार निकषांत नऊ नऊ गुण मिळाले, पण भूकंपाच्या निकषांत एकच मिळाला, बेरीज ३७. दुसऱ्या जागेस पांचहि निकषांत सात सात मिळाले, बेरीज ३५. बेरजेनें पहिली जागा श्रेष्ठ ठरते. आतां तेच गुण बेरजेऐवजीं एकमेकांनीं गुणावे. पहिल्या जागेचा गुणाकार ६५६१ येतो, दुसरीचा १६८०७. पहिली जागा आतां दुसरीच्या निम्म्यासहि पोंचत नाहीं. जमीन बदलली नाहीं, मोजमापें बदललीं नाहींत. फक्त हिशेबाची रीत बदलली. बेरजेंत एका निकषाचा मोठा दोष इतर निकषांच्या गुणांखालीं झांकला जातो. गुणाकारांत तो झांकला जात नाहीं. आमटींत मीठ, तिखट, गूळ हीं एकमेकांस कांहींशीं सांवरून घेतात. पण भांड्यास भोंक असेल तर मसाल्याच्या कौशल्यानें तें बुजत नाहीं. म्हणून गुण देण्यापूर्वीं कांहीं निकष उंबरठ्यासारखे मानावे, आणि जी जागा तो उंबरठा ओलांडीत नाहीं ती पुढील स्पर्धेंत घेऊंच नये, हा नियम अधिक सुरक्षित ठरतो.

कोणते निकष उंबरठ्याचे आणि कोणते बेरजेचे, हें ठरविणें तज्ज्ञांकडे येतें. कोणत्या निकषास किती भार द्यावा, हेंहि तेच ठरवितात. यासाठीं अमेरिकन गणितज्ञ टॉमस साटी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एक रीत काढली. तीत तज्ज्ञास दोन दोन निकष घेऊन विचारतात कीं, यांतील अधिक महत्त्वाचा कोणता आणि १ ते ९ या मापानें किती पट? खोली फटींहून महत्त्वाची, फटी पाण्याहून महत्त्वाच्या, आणि शेवटीं पाणी खोलीहून महत्त्वाचें, असें कोणी म्हणूं लागला, तर त्याचा हा विसंवाद किती आहे हें आकड्यानें काढतां येतें आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास उत्तरें पुन्हां तपासावीं लागतात. मात्र एवढ्यानें त्याचें मत सुसंगत आहे इतकेंच कळतें. सुसंगत मत चुकीचेंहि असूं शकतें.

तज्ज्ञांस विचारावें कसें, यालाहि शास्त्र आहे. एका टेबलाभोंवतीं दहा जण बसविले, तर वयानें किंवा अधिकारानें मोठा असलेला गृहस्थ प्रथम बोलतो आणि उरलेले पुष्कळदां माना डोलावतात. हें टाळण्यासाठीं अमेरिकेंत रँड या संस्थेंत १९५० नंतर डेल्फाय नांवाची पद्धति निघाली. तज्ज्ञांनीं आपलीं मतें नांव न सांगतां लिहून द्यावीं, सर्वांच्या मतांचा गोषवारा सर्वांना दाखवावा, आणि मग ज्यास आपलें मत बदलावेंसें वाटेल त्यानें तें कारणासह बदलावें, अशी ती पद्धति आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट येथें काम करणारे रॉजर कुक यांनीं पुढें आणखी एक पाऊल टाकलें. त्यांच्या पद्धतींत मुख्य प्रश्नांबरोबर, ज्यांचीं उत्तरें परीक्षकास ठाऊक आहेत असे कांहीं प्रश्नहि तज्ज्ञांस विचारतात. प्रत्येकानें एकच आकडा न देतां खालची आणि वरची मर्यादा द्यावयाची असते. ज्याच्या मर्यादांत खरें उत्तर वारंवार सांपडतें, आणि तरीहि ज्याच्या मर्यादा वाजवीपेक्षां सैल नसतात, त्याच्या मतास अधिक भार मिळतो. कॅरिबियन समुद्रांतील माँटसेराट बेटावर १९९५ सालीं ज्वालामुखी जागा झाला, तेव्हां विली ॲस्पिनॉल यांनीं ही पद्धति शास्त्रज्ञांचीं मतें एकत्र करण्यासाठीं वापरली. पदवी आणि कीर्ति यांवरून नेमका अंदाज कोण देईल हें ओळखतां येतेंच असें नाहीं, हा या पद्धतीमागील अनुभव आहे.

तिसरी गोष्ट अज्ञानाची नोंद करण्याची. एखाद्या जागेस पांच गुण दिले, तर त्याचा अर्थ जागा मध्यम आहे असा कीं, तिच्याविषयीं माहितीच नाहीं असा? दोन्ही अर्थ एकाच आंकड्यांत मिसळले, तर न पाहिलेली जागा तपासलेल्या जागेच्या पंक्तीस जाऊन बसते. अमेरिकेंत बर्कली येथील प्रयोगशाळेंतील कर्टिस ओल्डेनबर्ग यांनीं २००८ सालीं मांडलेल्या पद्धतींत प्रत्येक गुणाबरोबर त्या गुणाची खात्री किती, हेंहि वेगळें लिहावें लागतें. त्यांनीं ती पद्धति कॅलिफोर्नियांतील निरनिराळ्या ठिकाणांस लावून पाहिली. त्यांत मॅमथ पर्वत हेंहि एक होतें. या पर्वताच्या उतारावर १९९० च्या सुमारास जमिनींतून निघणाऱ्या कर्बाम्ल वायूनें झाडें वाळूं लागलीं होतीं. जेथें वायु खरोखर गळतो अशी ही जागा मुद्दाम परीक्षेस बसविली, यांतच पद्धति पारखण्याचें मर्म आहे. जी पद्धति उघड गळक्या जागेस कमी गुण देत नाहीं, तिनें चांगली म्हणून सांगितलेल्या जागेवर विश्वास ठेवण्यास आधार राहत नाहीं. तीच कसोटी महाराष्ट्रांत लावावयाची तर कोयनेचें खोरें आणि तुरळ-राजवाडीचे झरे यांसारखीं ठिकाणें आधीं परीक्षेस बसवावीं लागतील.

जागा एकदां निवडली म्हणजे काम संपलें, असेंहि नव्हे. अल्जीरियांतील इन सालाह येथें २००४ ते २०११ या काळांत सुमारे ३८ लाख टन वायु वाळवंटाखालीं सोडण्यांत आला. उपग्रहांच्या मोजणींत तेथील जमीन वर्षाला कांहीं मिलिमीटर उचलली जात असल्याचें दिसलें. झांकण-खडकास तडे जाण्याची भीति वाटल्यानें २०११ सालीं वायु सोडणें थांबविण्यांत आलें. निवडीच्या वेळीं दिलेले गुण पुढील मोजमापांच्या प्रकाशांत पुन्हां तपासले, म्हणूनच तेथें वेळीं थांबतां आलें.

शेवटचा प्रश्न, तज्ज्ञ म्हणावें कोणास? हॉलंडमधील बारेंड्रेख्ट या गांवाखालील रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रांत साठवण करण्याची एक योजना होती. जागा सुरक्षित आहे असे अहवाल होते. पण गांवकऱ्यांस विश्वासांत घेण्याचें काम उशिरा व अपुरें झालें. विरोध वाढत गेला आणि नोव्हेंबर २०१० मध्यें तेथील सरकारनें ती योजना सोडून दिली. गांवकऱ्यांचा संबंध केवळ संमतीपुरता असतो, असें मात्र मानूं नये. कोंकणांत पावसाचें पाणी जांभ्याच्या सड्यांतून झिरपून खालीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. कोणती विहीर मार्चमध्यें आटते, कोणती मेअखेरपर्यंत टिकते, एका विहिरीवर पंप चालला म्हणजे कोणत्या दुसरीचें पाणी उतरतें, भूकंपानंतर कोणत्या झऱ्याचें पाणी बदललें, हें विहिरी खणणाऱ्यास, चिरेखाणीवरील कामगारास आणि पाणी भरणाऱ्या बायांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतें. ही माहिती नकाशावर चढवून भूशास्त्रज्ञाच्या मोजमापाशीं ताडून पाहिली, तर फटींच्या निकषास मोठाच आधार मिळेल. तिचीहि परीक्षा व्हावी. ऐकीव आणि पाहिलेलें वेगळें करावें. पण ती विचारलीच नाहीं, तर यादीचा एक रकाना रिकामा राहतो.

योग्य जागांची एखादी क्रमवारी उद्यां वर्तमानपत्रांत छापून आली, तर सुशिक्षित माणसानें पहिल्या क्रमांकाचें नांव वाचण्याआधीं कांहीं गोष्टी विचाराव्या. कोणते दोष असतांना जागा मुळींच बाद केली? गुणांची बेरीज केली कीं गुणाकार, आणि दुसऱ्या रीतीनें क्रम बदलतो काय? तज्ज्ञांस एकत्र विचारलें कीं वेगवेगळें, आणि त्यांचीं जुनीं अनुमानें कितपत खरीं ठरलीं? प्रत्येक आकड्याची खात्री किती? ही पद्धति कोणत्या गळक्या जागेवर आधीं लावून पाहिली? आणि ज्यांच्या विहिरी त्या जागेवर आहेत, त्यांचें म्हणणें कोणत्या रकान्यांत नोंदलें आहे? या प्रश्नांचीं उत्तरें क्रमवारीबरोबरच छापलीं जावींत. तीं छापलेलीं असतील, तर चिपळूणच्या किंवा राजापूरच्या माणसासहि आपल्या पायाखालच्या जमिनीविषयींचा निर्णय स्वतः तपासून पाहतां येईल.